ॲक्सलवरचा भार : मालट्रकच्या धंद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

मालट्रकच्या धंद्यात नव्याने आलेल्या माणसाच्या कानावर पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न पडतो, "गाडीचे पासिंग किती?" पासिंग म्हणजे गाडीला कागदोपत्री मंजूर असलेले वजन, आणि या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देण्याची रीत आहे. अडचण अशी की कोणी त्या आकड्यात गाडीचे वजन धरतो, तर कोणी फक्त मालाचे वजन सांगतो, म्हणून समोरच्याला नेमके काय म्हणायचे आहे हे पहिल्याच बोलण्यात विचारून घ्यावे. परंतु हा घोळ मिटला तरी तो आकडा अर्धीच माहिती देतो, कारण ट्रक उभा राहतो तो ॲक्सलांवर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यांवर, आणि कोणत्या ॲक्सलवर किती भार आला हे एकूण वजनावरून कळत नाही.

मी माल पाठवण्याच्या कामावर नवा असताना कोल्हापूरकडच्या एका कारखान्यातून ओतीव लोखंडाचे भाग भरून एक गाडी रवाना केली होती. उतरवायला सोपे जावे म्हणून हमालांनी जड पेट्या फाळक्याजवळ, म्हणजे मागच्या झडपेजवळ, रचल्या होत्या आणि केबिनकडची बाजू जवळपास मोकळी राहिली होती. वजनकाट्याची पावती पासिंगच्या आत होती, म्हणून मी निर्धास्त होतो. घाटात चालकाला स्टिअरिंग हलके लागू लागले, आणि पुढे खड्ड्यात मागच्या पाट्यांपैकी, म्हणजे ॲक्सलवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांपैकी, मुख्य पाटा तुटला. कोणाला इजा झाली नाही, पण मला जे शिकायला हवे होते ते त्या दिवशी शिकायला मिळाले. तसा प्रसंग ओढवण्याआधीच नवख्या मालकाला, चालकाला आणि माल भरून देणाऱ्या कारकुनाला ही गोष्ट कळावी, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे. यातले गणित सहावी-सातवीच्या पलीकडचे नाही.

पहिली पायरी : आरसी नीट वाचणे

व्यापारी वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवर, तीन प्रकारची वजने शोधावीत. पहिले रिकाम्या गाडीचे वजन, दुसरे गाडी व माल मिळून होणारे कमाल एकूण वजन, आणि तिसरे प्रत्येक ॲक्सलचे कमाल वजन. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल, अन्य ॲक्सल आणि टँडम ॲक्सल अशा नोंदी आणि त्यांच्याबरोबर टायरांची संख्या व आकार नोंदवण्याची तरतूद नोंदणीच्या नमुन्यातच आहे. स्मार्ट कार्डावर सगळा तपशील छापलेला नसेल तर एमपरिवहन किंवा डिजिलॉकरवर गाडीची नोंद पाहावी, आणि तिथेही ॲक्सलनिहाय आकडे मिळाले नाहीत तर गाडी बनवणाऱ्या कंपनीने चासीवर किंवा केबिनच्या दाराजवळ लावलेली पट्टी वाचावी. हे सगळे आकडे एका कागदावर उतरवून तो कागद गाडीत ठेवावा.

देशभरासाठीच्या ॲक्सल वजनाच्या मर्यादा केंद्र सरकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५८ नुसार अधिसूचना काढून ठरवते. जुलै २०१८ मध्ये या मर्यादा मोठ्या प्रमाणावर वाढल्या. दोन टायरांच्या पुढच्या ॲक्सलला पूर्वी ६ टन धरत, ते गाडीच्या प्रकारानुसार ७ किंवा ७.५ टन झाले. चार टायरांचा एकेरी ॲक्सल १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेला, जवळजवळ बसवलेल्या दोन ॲक्सलांची जोडी, म्हणजे टँडम, १९ वरून २१ टनांवर, आणि तीन ॲक्सलांचा संच २४ वरून २७ टनांवर. यामुळे दोन ॲक्सलच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन, तीन ॲक्सलच्या, म्हणजे दहा टायरी ट्रकचे २५ वरून २८.५ टन, आणि पाच ॲक्सलच्या ट्रकचे ३७ वरून ४३.५ टन झाले. एकसंध ट्रकसाठी ४९ टन आणि ट्रॅक्टर-ट्रेलरसाठी ५५ टन ही वरची हद्द आहे.

हे आकडे पाठ करायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर गाडी भरू नये. अधिसूचनेतील आकडा ही त्या प्रकारच्या गाडीसाठीची कमाल हद्द आहे, आणि तुमच्या गाडीला बंधनकारक असतो तो तिच्या आरसीवरचा आकडा. २०१८ पूर्वीच्या गाडीच्या आरसीवर जुनाच, कमी आकडा असू शकतो, आणि नव्या गाडीचीही कंपनीने मंजूर करून घेतलेली क्षमता अधिसूचनेपेक्षा कमी असू शकते. शेजारच्या मालकाची तशीच दिसणारी गाडी दोन टन जास्त घेते म्हणून आपलीही घेईल, हा तर्क मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो दर वेळी चुकीचाच ठरतो.

टँडमच्या आकड्याकडे जरा लक्ष द्यावे. चार टायरांचा एक ॲक्सल ११.५ टन घेतो, मग दोन मिळून २३ टन का नाहीत, असा प्रश्न पडायला हवा. दोन ॲक्सलांमधले अंतर १.८ मीटरपेक्षा कमी असते, तेव्हा दोन्हींचा दाब रस्त्याच्या खालच्या थरांत एकमेकांत मिसळतो, म्हणून जोडीला २१ टनच दिले जातात. तीन ॲक्सलांच्या संचात हाच वाटा प्रत्येकी ९ टनांवर येतो. चाके वाढली की क्षमता त्याच पटीत वाढते, असे समजून जे भाडे ठरवतात त्यांचा हिशेब इथेच फसतो.

दुसरी पायरी : रिकाम्या गाडीचे खरे वजन

आरसीवरचे रिकाम्या गाडीचे वजन नोंदणीच्या दिवसाचे असते. त्यानंतर केबिनवर कॅरिअर चढतो, हौद्याला जाड पत्रा लागतो, खाली पेट्या बसतात, जादा टायर येतात, शिवाय ताडपत्री, दोर, साखळ्या, जॅक, पाण्याचा पिंप, चालक आणि क्लीनर आहेतच. डिझेलचे वजन लिटरमागे सुमारे ०.८३ किलो भरते, म्हणजे ३०० लिटरची टाकी भरली की अडीचशे किलो वाढले. अशा बारीकसारीक गोष्टी मिळून कागदावरील आणि प्रत्यक्षातील वजनात काही शे किलोंचा फरक सहज पडतो, आणि तो सगळा तुमच्या मालाच्या वाट्यातून जातो.

म्हणून टाकी भरलेली, सामान लादलेले आणि माणसे बसलेली अशी रिकामी गाडी एकदा काट्यावर न्यावी, आणि नुसते एकूण वजन न करता पुढच्या व मागच्या ॲक्सलचे वजन वेगवेगळे करून घ्यावे. ते कसे करायचे हे पुढे येईल. हे दोन आकडे त्या गाडीच्या जन्मभर उपयोगी पडतात. हौद्यात किंवा बॉडीत बदल केला तर मात्र ते पुन्हा मोजावेत.

तिसरी पायरी : मालाचे वजन अंदाजाने न धरणे

५० किलोंच्या गोण्यांचा हिशेब सोपा असतो, कारण गोण्या मोजल्या की वजन कळते, फक्त बारदानाचे वजन धरायला विसरू नये. खरा धोका सुट्या मालात आहे. आपल्याकडे वाळू, खडी आणि मुरूम ब्रासने विकतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर, आणि हे माप आकारमानाचे आहे, वजनाचे नाही. कोरडी सुटी वाळू घनमीटरला साधारण दीड ते १.६ टन भरते, त्यामुळे एक ब्रास सव्वाचार ते साडेचार टनांच्या घरात जातो, आणि तीच वाळू ओली असेल तर पाच टनांच्याही पुढे जाते. टिपरमध्ये तीन ब्रास बसतात म्हणून तीन ब्रास भरणारा माणूस पावसाळ्यात नकळत दोन टन पाणी वाहून नेत असतो. कोरड्या मालावर बसवलेला ब्रासचा ठोकताळा ओल्या मालाला लावू नये.

कापूस, फोम, रिकामे प्लास्टिकचे क्रेट अशा मालात हौदा आधी भरतो आणि वजन मागे राहते, त्यामुळे तिथे ही काळजी कमी असते. लोखंड, संगमरवर, फरशी, सिमेंट, साखर यांत नेमके उलटे होते. हौदा अर्धा रिकामा दिसतो, भरणाऱ्याला वाटते अजून जागा आहे, आणि मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

चौथी पायरी : माल कोठे ठेवायचा, याचा हिशेब

हा सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल. दोन माणसांनी बांबूला अडकवून ओझे उचलले, तर ओझे ज्याच्या जवळ सरकवाल त्याच्या खांद्यावर जास्त भार येतो. ट्रकमध्ये पुढचा ॲक्सल हा एक खांदा आणि मागचा ॲक्सल हा दुसरा. मालाचा तोल ज्या बिंदूवर आहे, तो बिंदू पुढच्या ॲक्सलपासून जितका दूर, तितका मागच्या ॲक्सलचा वाटा मोठा. सूत्र एवढेच आहे : मालाचे वजन गुणिले पुढच्या ॲक्सलपासून तोलबिंदूचे अंतर, भागिले दोन्ही ॲक्सलांमधले अंतर. आलेले उत्तर मागच्या ॲक्सलवर मालामुळे पडणारा भार सांगते, आणि उरलेला भार पुढे जातो.

एक नमुन्याची गाडी घेऊ. दोन ॲक्सल, त्यांच्यात ५ मीटर अंतर, एकूण मर्यादा १८,५०० किलो, पुढच्या ॲक्सलची मर्यादा ७,००० आणि मागच्याची ११,५०० किलो. रिकामी असताना पुढे ३,५०० आणि मागे ३,००० किलो भरते. हौदा ६ मीटर लांब असून तो पुढच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे सुरू होतो. या गाडीत ११,५०० किलो माल भरायचा आहे, म्हणजे ५० किलोंच्या २३० गोण्या. एकूण वजन १८,००० किलो होईल, आणि मर्यादेला ५०० किलो कमीच राहतील.

गोण्या संपूर्ण हौद्यात एकसारख्या पसरल्या, तर तोलबिंदू हौद्याच्या मध्यावर, म्हणजे पुढच्या ॲक्सलपासून ३.५ मीटरवर येतो. ११,५०० ला ३.५ ने गुणून ५ ने भागले की ८,०५० येतात. त्यात रिकाम्या गाडीचे ३,००० मिळवले की मागचा ॲक्सल ११,०५० किलो दाखवतो. पुढे मालाचे ३,४५० आणि गाडीचे ३,५०० मिळून ६,९५० होतात. दोन्ही ॲक्सल मर्यादेत आहेत, पुढचा जेमतेम.

आता तोच माल अर्धा मीटर मागे सरकला, असे धरू. तोलबिंदू ४ मीटरवर गेला की मागच्या ॲक्सलवर ९,२०० अधिक ३,०००, म्हणजे १२,२०० किलो येतात आणि मर्यादा ७०० किलोंनी ओलांडली जाते. पुढे फक्त ५,८०० उरतात, आणि चालकाला स्टिअरिंग हलके लागते ते यामुळेच. उलट माल केबिनकडे दाटून तोलबिंदू ३ मीटरवर आणला, तर पुढचा ॲक्सल ८,१०० किलोंवर जातो, म्हणजे मर्यादेच्या ११०० किलो वर, आणि स्टिअरिंग जड होऊन पुढच्या टायरांवर ताण येतो. तिन्ही वेळा एकूण वजन १८,००० किलोच आहे आणि काट्याची एकेरी पावती तिन्ही वेळा सारखीच निघेल.

हेच गणित उलटे फिरवले की आणखी एक गोष्ट हाती लागते, जी मला स्वतःला पुष्कळ उशिरा समजली. ११,५०० किलो माल असताना दोन्ही ॲक्सल मर्यादेत राहायचे असतील, तर तोलबिंदू साधारण ३.४८ ते ३.७० मीटरच्या मध्येच असायला हवा, म्हणजे अवघी २२ सेंटिमीटर, एका वितीएवढी मोकळीक. माल १०,००० किलोंवर आणला, तर हीच मोकळीक ३.२५ ते ४.२५ मीटर, म्हणजे पूर्ण एक मीटर होते. पासिंग काठोकाठ भरायचे असेल तर माल रचण्यात चूक करायला जवळपास जागाच उरत नाही. नवख्याने पहिले काही महिने टनभर माल कमी घेऊन चालावे असे माझे मत आहे. त्या टनाचे भाडे बुडते हे खरे, पण एका पाट्याचा, दोन टायरांचा आणि रस्त्यात अडकलेल्या दिवसाचा खर्च त्याहून मोठा असतो.

प्रत्यक्ष भरताना प्रत्येक वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागत नाही. आपल्या गाडीचा योग्य तोलबिंदू एकदा काढून हौद्याच्या आतल्या बाजूला, फळीवर, रंगाने एक उभी रेघ ओढून ठेवावी आणि जड नग त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखे येतील असे हमालांना सांगावे. हमाल ही सूचना चटकन पाळतात, फक्त ती माल चढवण्याआधी द्यावी लागते. माल रचून झाल्यावर "जरा पुढे सरकवा" म्हणणे हे त्यांच्या कष्टांवर अन्याय करणारे आहे. लोखंडाच्या कॉइलसारखा एकच अवजड नग असेल तर रेघेवर विसंबू नये आणि सूत्र मांडून त्याची जागा ठरवावी, कारण तिथे सगळा भार एकाच बिंदूवर असतो. डाव्या-उजव्या बाजूचा तोलही पाहावा, कारण एकाच बाजूच्या टायरांवर जास्त भार आला तर ॲक्सलचे वजन कागदावर बरोबर असूनही टायर फुटतो.

टायरांचा विषय निघालाच आहे तर त्यांवरील भार-निर्देशांकही वाचून ठेवावा. १४६/१४३ असे दोन आकडे दिसले, तर पहिला एकेरी टायरसाठी आणि दुसरा जोडटायरसाठी असतो. १४६ चा अर्थ ३,००० किलो आणि १४३ चा अर्थ २,७२५ किलो. असे चार टायर मागच्या ॲक्सलला असतील, तर त्या निर्देशांकाने १०,९०० किलोच होतात, आणि ॲक्सलची मर्यादा ११,५०० असली तरी साखळीतली कच्ची कडी टायर ठरतो. टायर बदलताना दुकानदाराला आरसीवरचा ॲक्सलचा आकडा दाखवूनच टायर निवडावा.

वाटेत माल उतरवताना

अनेक ठिकाणी माल टाकत जाणाऱ्या गाड्यांमध्ये एक गोष्ट घडते, आणि ती पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा तिच्यावर विश्वास बसत नाही. वरच्याच गाडीत ११,५०० किलो एकसारखे भरलेले आहेत. पहिल्या ठिकाणी फाळका उघडून मागच्या दोन मीटरमधला माल, म्हणजे सुमारे ३,८३३ किलो उतरवला. एकूण वजन १४,१६७ किलोंवर आले, म्हणजे गाडी चांगलीच हलकी झाली. पण पुढच्या ॲक्सलचे वजन आधी ६,९५० होते, ते आता ७,३३३ किलो झाले आणि मर्यादा ओलांडली गेली.

याचे कारण असे की उतरवलेल्या मालाचा तोलबिंदू ५.५ मीटरवर, म्हणजे मागच्या ॲक्सलच्याही मागे होता. तो माल सी-सॉच्या टोकाला बसलेल्या मुलासारखा गाडीचे नाक थोडे वर उचलून धरत होता, आणि तो उतरताच नाक खाली बसले. म्हणून अशा फेरीत मागचा माल उतरल्यावर उरलेल्यातल्या काही गोण्या मागच्या ॲक्सलच्या दिशेने सरकवून घ्याव्यात, किंवा सुरुवातीलाच केबिनलगतच्या भागात हलका माल ठेवावा. घाट उतरायचा असेल तर हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण ब्रेक लावताना भार आणखी पुढे झुकतो.

पाचवी पायरी : काट्यावर ॲक्सल वेगळे मोजणे

बहुतेक वजनकाट्यांवर एकच लांब प्लॅटफॉर्म असतो आणि काटेवाला पूर्ण गाडी चढवून एक पावती देतो. त्याला आधीच सांगावे की तीन वजने हवी आहेत, आणि त्याचे जादा पैसे द्यायची तयारी ठेवावी. प्रथम फक्त पुढचा ॲक्सल प्लॅटफॉर्मवर घेऊन थांबावे आणि वजन लिहून घ्यावे. मग पूर्ण गाडी चढवून एकूण वजन करावे. नंतर गाडी पुढे नेऊन फक्त मागचा ॲक्सल किंवा मागची टँडम जोडी प्लॅटफॉर्मवर ठेवून तिसरे वजन करावे. टँडमच्या दोन ॲक्सलांचे वजन एकत्रच करावे. प्रत्येक वेळी गाडी पूर्ण थांबलेली, गिअर न्यूट्रलमध्ये आणि ब्रेक सोडलेला असावा, कारण दाबून धरलेल्या ब्रेकमुळे भार एका ॲक्सलवरून दुसऱ्यावर ओढला जातो. जमीन सपाट असल्याची खात्री करून चाकांना बाहेरून ठोकळे लावावेत आणि मगच ब्रेक सोडावा.

पहिले आणि तिसरे वजन मिळून दुसऱ्याच्या जवळपास आले पाहिजे. माझा स्वतःचा नियम असा आहे की फरक दोनशे किलोंच्या वर गेला तर ती मोजणी मी धरत नाही. असा फरक बहुधा जमिनीमुळे पडतो. काही काटे जमिनीपासून उंच असतात आणि त्यांना दोन्ही बाजूंनी उतार असतो, त्यामुळे एक ॲक्सल प्लॅटफॉर्मवर आणि दुसरा उतारावर राहिला तर गाडी तिरपी होऊन आकडे बिघडतात. प्लॅटफॉर्मला लागून गाडीच्या लांबीएवढी सपाट जमीन असलेला काटा शोधावा, आणि त्यावर वैधमापनशास्त्र विभागाच्या पडताळणीचे चालू प्रमाणपत्र लावले आहे की नाही तेही पाहावे. एकदा विश्वासाचा काटा सापडला की शक्यतो तोच वापरावा.

लिफ्ट ॲक्सल आणि कंटेनर

बारा, चौदा किंवा सोळा टायरी ट्रकमध्ये एखादा ॲक्सल वर उचलता येतो, त्याला लिफ्ट ॲक्सल म्हणतात. गाडी रिकामी असताना तो उचलला की टायर आणि डिझेल वाचते, आणि सोय आहे ती त्यासाठीच. भरलेल्या गाडीत मात्र तो खालीच असायला हवा. वळण घेणे सोपे जाते म्हणून काही चालक भरलेल्या गाडीतही तो उचलतात, आणि त्या क्षणी त्याच्या वाट्याचा भार शेजारच्या ॲक्सलांवर जाऊन पडतो. एकूण वजन जराही बदलत नाही, म्हणून हा दोष एकूण वजनाच्या कोणत्याच पावतीवर दिसत नाही. दिसतो तो काही महिन्यांनी, बेअरिंग आणि पाट्यांच्या बिलात.

न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर उचलणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. १ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार निर्यातीच्या प्रत्येक कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन जहाजावर चढवण्याआधी जाहीर करावे लागते. ते वजन जहाजाच्या सुरक्षिततेसाठी असते. कंटेनर त्या नियमात बसला याचा अर्थ तो तुमच्या ट्रेलरच्या ॲक्सलांना झेपेल असा होत नाही. वीस फुटी कंटेनर आकाराने लहान असला तरी त्याचे कमाल वजन चाळीस फुटी कंटेनरइतकेच, म्हणजे ३०,४८० किलोंपर्यंत असू शकते, आणि तो चाळीस फुटी ट्रेलरवर अगदी मागे ठेवला तर जवळपास सगळा भार मागच्या संचावर जातो. दार मागच्या टोकाला असले की गोदामात रिकामे करणे सोपे जाते, म्हणून पुष्कळदा कंटेनर तसाच ठेवून मिळतो. बंदराबाहेर पडण्याआधीच त्याची जागा तपासावी, कारण नंतर तो हलवायला क्रेन लागते.

रस्त्याची बाजू

ॲक्सलनिहाय मर्यादा का घातल्या जातात, हे समजले की त्या पाळणे सोपे जाते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर वेगवेगळ्या भाराचे ट्रक सतत फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून असे दिसले की रस्त्याची झीज ॲक्सलच्या भाराच्या साधारण चौथ्या घातात वाढते. म्हणजे ॲक्सलवर २० टक्के जादा भार आला तर झीज २० टक्क्यांनी नव्हे तर दुपटीहून अधिक वाढते. वरच्या उदाहरणात मागच्या ॲक्सलवर केवळ ७०० किलो जास्त होते, पण तेवढ्यानेही त्या ॲक्सलने होणारी झीज सव्वापट होते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या डांबरी रस्त्यांच्या आराखड्यात आजही ८० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ८.१६ टन भाराचा एक ॲक्सल हेच मोजमाप धरून रस्ता किती वर्षे टिकेल हे ठरवतात. खड्ड्यांबद्दल आपण सगळेच, आणि चालक सर्वांत जास्त, हळहळतो. त्या खड्ड्यांत पाण्याचा आणि कामाच्या दर्जाचा वाटा आहे, तसा आपल्या भाराचाही आहे, हे मान्य केले पाहिजे.

कायदा आणि तपासणी

मोटार वाहन कायद्याचे कलम ११३ आरसीवर नोंदवलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त वजन घेऊन गाडी चालवण्यास मनाई करते. चालक मालक नसेल, तर हे मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाले असे न्यायालय गृहीत धरू शकते, त्यामुळे "मला ठाऊक नव्हते" हे मालकाचे उत्तर सहसा टिकत नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९४ मधील दंड २०,००० रुपये आणि त्यावर दर जादा टनामागे २,००० रुपये असा आहे. १८.५ टनांच्या गाडीत २१.५ टन निघाले, तर ही रक्कम २६,००० रुपये होते, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. तो उतरवल्याखेरीज गाडी पुढे सोडत नाहीत. गाडी थांबवून वजन करू देण्यास नकार दिला किंवा वजनाआधीच माल काढून टाकला, तर दंड ४०,००० रुपये आहे. मालवाहू गाडीत जादा भार नेणे हे चालकाचा परवाना निलंबित करण्याचेही कारण ठरू शकते, आणि पगारी चालकाला ही शिक्षा सर्वांत जड पडते.

परिवहन विभागाचे वायुवेग पथक किंवा अन्य अधिकृत अधिकारी गाडी थांबवून कलम ११४ नुसार तिचे वजन करायला सांगू शकतात. त्यासाठी काटा तुमच्या पुढच्या मार्गावर १० किलोमीटरच्या आत, किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत असावा लागतो. पुष्कळ टोलनाक्यांवर आता मार्गिकेतच चालत्या गाडीचे वजन करणारी यंत्रे आहेत. तिथला आकडा चुकीचा वाटला तर वाद न घालता स्थिर काट्यावर पुन्हा वजन करण्याची विनंती करावी आणि आपल्याजवळची काट्याची पावती दाखवावी. एखादा दलाल महिन्याला पैसे घेऊन जादा भाराचे "कार्ड" करून देतो असे म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नये. काही राज्यांनी पूर्वी अधिकृतपणेच दिलेली अशी कार्डेसुद्धा २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली होती.

शेवटी नोंदवहीविषयी. प्रत्येक गाडीसाठी एक वही ठेवून तिच्यात प्रत्येक जड फेरीची तारीख, मालाचा प्रकार, नगांची संख्या, माल कसा रचला त्याचे साधे रेखाचित्र आणि ॲक्सलनिहाय तीन वजने लिहावीत, आणि काट्याच्या पावत्या तिथेच चिकटवाव्यात. थर्मल कागदावरची पावती काही महिन्यांत पुसट होते, म्हणून तिचा फोटो काढून ठेवावा. वीस-पंचवीस फेऱ्यांची नोंद झाली की तोच माल पुन्हा भरताना कोणत्या रचनेत कोणत्या ॲक्सलवर किती येईल हे वही उघडून सांगता येते, आणि नव्या हमालाला किंवा बदली चालकाला ते चित्र दाखवले की फार समजावून सांगावे लागत नाही.